शनिवारची तबकडी

१

शनिवारची तबकडी मी भिंगाखाली धरली तेव्हा छबूबाईला जाऊन दोन दिवस झाले होते.

ही छबूबाई कोण, हे त्या सोमवारी सकाळपर्यंत मला माहीतही नव्हतं. आमच्या दूध संघापासून नऊ किलोमीटरवर, दौंडच्या रस्त्याला खडीचा क्रशर आहे. तिथल्या वळणावर ती शेळ्या चारायची. शनिवारी दुपारी शेळ्या एकट्याच घरी आल्या, तेव्हा लोक शोधायला निघाले. रस्त्यापासून पंधरा पावलं आत, वेड्या बाभळीच्या सावलीत ती सापडली. गाडीने उडवलं होतं. क्रशरवरच्या एका कामगाराने सकाळी दहाच्या सुमाराला ब्रेकचा आवाज ऐकला होता आणि थोड्या वेळाने निळ्या पट्ट्याचा पांढरा टँकर नगरकडे जाताना पाहिला होता. नंबर त्याला दिसला नाही. निळ्या पट्ट्याचे पांढरे टँकर या रस्त्याला फक्त आमचेच.

त्या वेळी त्या बाजूने आमचे दोनच टँकर येतात. एक पीटरचा, एक चेतनचा.

माझं काम तबकड्या वाचायचं. १९९६ साली संघाने नऊ टँकरांना एक यंत्र बसवलं, त्याचं नाव टॅकोग्राफ. स्पीडोमीटरच्या मागे ते बसतं. आत मेण लावलेली कागदी तबकडी घड्याळावर फिरते आणि चोवीस तासांत एक फेरा पुरा करते. तिच्यावर तीन सुया सतत ओरखडे काढतात. एक सुई वेग सांगते, दुसरी अंतर, तिसरी गाडी चालते आहे की उभी आहे ते. गाडी परत आली की तबकडी काढायची, माझ्याकडे द्यायची. मी भिंगाखाली धरून सांगायचं की हा सव्वासातला सत्तरने गेला आणि तो नऊ वाजता अकरा मिनिटं थांबला. ड्रायव्हर लोक यंत्राला चुगलखोर म्हणायचे आणि मला तबकडीबाई. नाव यशोधरा आहे हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

साहजिक आहे. चुगली वाचणाऱ्या बाईबरोबर डबा कोण खाणार? मी खोलीचं दार अर्धं लोटून एकटी जेवायची. सावेडीतल्या भाड्याच्या खोलीवर गेले की तिथेही एकटीच. आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. पण नऊ ड्रायव्हर मला इतके ओळखीचे झाले होते की नाव झाकून तबकडी दाखवली तरी बहुतेक वेळा मी माणूस सांगितला असता.

आणि त्या सोमवारी, ‘पीटर’ असं लिहिलेल्या तबकडीवर, वेगाची रेघ एका जागी सरळ खाली पडली होती. बासष्टवरून शून्य. वेळ दहा वाजून पाच मिनिटं. टोकापासून उलटं अंतर मोजलं. दूध संघाच्या गेटपासून बरोबर नऊ किलोमीटर मागे.

त्यानंतर सात मिनिटं गाडी उभी होती. मग निघाली.

ते सात मिनिटांचं कोरं अंतर मी पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणजे तो खाली उतरला होता. त्याने पाहिलं होतं. आणि मग गाडीत बसून निघून आला होता.

२

“संपलंच की मग,” प्रशांत म्हणाला. हा आमचा वाहन सुपरवायझर, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, यंत्रांचा भक्त. “चार वाजता पोलीस जमादार येणार आहेत. तबकडी देऊ, पीटरला देऊ, संघ मोकळा. तबकडी खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणता ना?”

मीच म्हणायचे. मोठ्या तोऱ्यात म्हणायचे.

“उद्या तर उपग्रहावरून दिसणार आहे गाडी कुठंय ते,” तो म्हणाला. “खुर्चीत बसून.”

“आधी पीटरशी बोलते,” मी म्हटलं.

“कशाला?”

“सात मिनिटांचं कारण विचारायला.”

पीटर माझ्या खोलीत आला तो दारातच उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला माणूस. बायको सहा वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही, रविवारी चर्च आणि इतर दिवशी टँकर, एवढंच मला ऐकून माहीत होतं.

“मॅडम, मी क्रशरपाशी थांबलोच नाही,” तो म्हणाला. “शनिवारी मला उशीरच झाला. काष्टीत बैल आडवे होते. वीस मिनिटं हॉर्न वाजवत मुंगीसारखा सरकत होतो. गेटवर आलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. चेतन माझ्या आधी आलेला.”

मी तबकडीवर पाहिलं. गाडी दहा चोवीसला गेटवर उभी राहिली होती. गेटच्या वहीतही तेच होतं, पीटर दहा चोवीस, चेतन दहा पंचेचाळीस. काष्टी ज्या वेळेला यायला हवी तिथे रेघ पंचेचाळीसवर सरळ चालली होती. वीस मिनिटं सोडा, एक खाच नव्हती.

“यात तसं काही दिसत नाही,” मी म्हटलं.

“मग गेटवर रंभाजीमामांना विचारा. त्यांनीच तबकडी काढली.”

“मामांनी वहीत दहा चोवीस लिहिलंय.”

तो दारातून एक पाऊल आत आला. मग म्हणाला, “चौदा महिने झाले मॅडम. तुमच्या चिठ्ठ्या येतात. अमुक ठिकाणी सहा मिनिटे थांबा, कारण द्या. मी कारण लिहून देतो. लघवीला थांबलो, टायर बघितला. एकदा तरी तुम्ही समोर येऊन विचारलंत का? आज विचारताय, आणि आज मी सांगतोय ते तुम्हाला पटत नाही.”

मला राग आला, कारण तो खरं बोलत होता. निदान तेवढं तरी. मी त्याला जायला सांगितलं.

३

अकराच्या चहाला गेटवरचे वॉचमन रंभाजीमामा आले. ते रोज अकराला आणि चारला यायचे. एका हातात तबकड्यांची पेटी, दुसऱ्या हातात कॅन्टीनचे दोन ग्लास.

“जय भीम, ताई.”

“जय भीम, मामा. बसा.”

हे बसणं कसं सुरू झालं तेही सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नियम असा होता की सकाळी निघण्याआधी ड्रायव्हरने कोऱ्या तबकडीच्या मध्यावर स्वतःच्या हाताने नाव, तारीख आणि गाडीचा नंबर लिहायचा आणि मगच ती यंत्रात घालायची. पहिले दोन महिने तसं झालं. परत आल्यावर ड्रायव्हर तबकड्या खिडकीतून आत टाकायचे आणि तोंड फिरवून जायचे. मग एकदा रंभाजीमामा म्हणाले, “ताई, ह्यांची अक्षरं म्हंजी कोंबडीचे पाय. मी गेटवर तबकडी काढतो, नाव घालतो आन् तुमाला आनून देतो.” मी हो म्हटलं. नियम मोडतोय हे मला कळत होतं. पण तबकड्या घेऊन मामा आत यायचे, दहा मिनिटं बसायचे, घरचं बोलायचे. अख्ख्या दिवसात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा तेवढा एकच माणूस होता. त्या दहा मिनिटांसाठी मी नियम सोडला.

“मामा, शनिवारी पीटर किती वाजता आला?”

“वहीत हाय ते खरं, ताई.” त्यांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला. “माज्या ध्यानात कुटं ऱ्हातंय आता.”

“तो म्हणतो पावणेअकरा.”

“मानूस घाबरला की कायबी म्हनतो.” ते आज बसले नाहीत. उभ्यानेच चहा संपवला. “पुष्पीला आनायला जायचंय. नववा लागला. पयली खेप हाय, लई जपावं लागतं.”

पुष्पावती ही त्यांची मुलगी. चेतन तिचा नवरा. जावयाला टँकरवर मामांनीच लावून दिलं होतं, सगळ्या संघाला ठाऊक होतं.

चेतनला मी टँकर धुण्याच्या जागी गाठलं. दोन्ही टँकर शनिवारीच जोराच्या पाण्याने धुतले गेले होते, रोज धुतात तसे. बंपर दोघांचेही आधीपासूनच पोचे आलेले. गाडीवरून काही कळायला मार्ग नव्हता.

“मी सरळ आलो, मॅडम,” चेतन म्हणाला. चोवीस वर्षांचा पोरगा, डोळे लाल. “कुटं थांबलो न्हाई. तबकडीत बगा.”

“बघितली. तुझी स्वच्छ आहे.”

मी वळले तेव्हा मागून त्याने विचारलं, “मॅडम, गाडी उभी असली तर मानूस उतरून काय करत हुता, ते दिसतं का त्यात?”

“नाही,” मी म्हटलं. “थांबलेली गाडी दिसते फक्त.”

त्याने मान हलवली आणि पुन्हा पाइप हातात घेतला. परत येताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जो कुठे थांबलाच नाही, त्याला थांबलेल्या माणसाची एवढी काळजी कशाला?

४

दुपारचे दोन वाजले. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

पीटर आणि चेतन दोघांची गाडी पहाटे पाचला निघते. पीटर काष्टीतून पुढे भीमेकाठच्या शीतकरण केंद्रावर जातो. चेतन काष्टीच्या अलीकडेच वळून श्रीगोंद्याच्या बाजूच्या केंद्रावर जातो. जाऊन-येऊन अंतर जवळपास सारखं, एक-दीड किलोमीटर इकडे-तिकडे. तबकडीवर एवढा फरक कळत नाही. दोघंही सावकाश चालवणारे, दोघांच्या तबकड्या जुळ्या बहिणींसारख्या. नऊजणांपैकी नाव झाकून मला ओळखता न येणारे हेच दोघं. फक्त आठवड्यातून एका दिवशी...

मी ताडकन उठले आणि कपाट उघडलं.

शनिवारी काष्टीचा बाजार असतो. जनावरांचा. आजूबाजूच्या चार तालुक्यांतले बैल, म्हशी, टेम्पो, दलाली करणारे हेडी, चाऱ्याच्या गाड्या, सगळं रस्त्यावर उतरतं. सकाळी आठनंतर त्या गर्दीतून टँकर काय, सायकल नीट जात नाही. पीटरचे मागचे सहा शनिवार मी टेबलावर ओळीने मांडले. सहाच्या सहा तबकड्यांवर पावणेनऊ ते नऊच्या आसपास एकच खूण होती. वेगाची रेघ खाली येते, शून्य, पाच, शून्य, सात, शून्य. कंगव्याच्या दातांसारखे ओरखडे, कधी पंधरा मिनिटं, कधी पंचवीस. इतर वारी तिथे सरळ रेघ.

आणि या शनिवारच्या ‘पीटर’वर तिथे कंगवा नव्हता.

सकाळी मी हेच पाहून पीटरला खोटा ठरवलं होतं. बाजाराच्या दिवशी पंचेचाळीसच्या वेगाने काष्टी ओलांडणारा टँकर अजून जन्माला यायचा आहे, हे मला सुचलं नाही. चौदा महिने खुर्चीत बसून मी रेघा पाहिल्या होत्या. रेघांखाली रस्ता असतो आणि रस्त्यावर बैल असतात, हे त्या सकाळी साफ विसरले होते.

‘चेतन’ लिहिलेली शनिवारची तबकडी उचलली. ती स्वच्छ होती, क्रशरपाशी कुठे थांबा नव्हता, म्हणून सकाळी मी तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. भिंग लावलं.

आठ सेहेचाळीस ते नऊ सात. शून्य, पाच, शून्य, सहा. कंगवा.

श्रीगोंद्याच्या त्या बाजूला बाजार सोमवारी असतो.

म्हणजे ही पीटरची तबकडी होती आणि ती चेतनची. नावं उलटी पडली होती. चुकून म्हणावं, तर गेटच्या वहीतल्या वेळाही उलट्या होत्या. एक चूक दोन ठिकाणी सारखी होत नाही. आणि दोन्ही ठिकाणी अक्षर एकाच माणसाचं होतं. ते अक्षर नीटस होतं, म्हणून मला आवडायचं.

मी दुसरं काही स्पष्टीकरण निघतंय का, ते शोधत होते. प्रशांत असेल, आणखी कुणी असेल. कुणीही चाललं असतं मला. पण गेटवर तबकडीला हात लावणारा माणूस एकच होता, आणि तो हक्क त्याला मी दिला होता.

५

मामा साडेतीनलाच आले, ग्लास घेऊन. माझ्या टेबलावरच्या तबकड्या पाहून त्यांची चाल मंदावली.

“बसा मामा.”

ते बसले. मी दोन्ही तबकड्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कंगव्यावर बोट ठेवलं. “हा काष्टीचा बाजार. तो चेतनच्या तबकडीवर कसा आला?”

त्यांना त्या ओरखड्यातलं काही वाचता येत नव्हतं. वर्षभर रोज तबकड्या हाताळूनही नाही. ते टँकरबरोबर गेटच्या बाहेर कधी गेलेच नव्हते. त्यांना एवढंच ठाऊक होतं की एका तबकडीवर थांबा आहे आणि एकीवर नाही.

“बाजार,” ते म्हणाले. “माज्या डोस्क्यातच आलं न्हाई, ताई.”

मग त्यांनी सांगितलं. चेतन गेटवर आला तो रडतच. वळणावर शेळी आडवी आली, शेळीमागून बाई आली. मामांनी त्याची तबकडी काढली, नाव न घालता खिशात ठेवली. वीस मिनिटांनी पीटर आला, त्याचीही काढली. पेन हातात घेतलं तेव्हा कुणाचं नाव कुठे घालायचं ते ठरलं.

“पीटरच का?” मी विचारलं. “त्याने तुमचं काय केलं होतं?”

“कायबी न्हाई. भला मानूस हाय.” मामा ग्लासाकडे बघत होते. “पर तो एकटा गडी हाय, ताई. मागं कोन रडनार न्हाई. चेतन आत गेला तर पुष्पी हाय, प्वाट हाय, आमी म्हातारी हावोत. एकट्या मानसाचं काय जातंय?”

बाहेर टँकरवर पाण्याचा पाइप चालू होता.

“मामा,” मी म्हटलं, “मीही एकटीच आहे.”

त्यांनी वर पाहिलं. आपण काय बोललो ते तेव्हा त्यांना कळलं. “तुमचं न्हाई म्हनलो, ताई. तुमी आमच्यातल्या हाव.”

“मी असते त्या गाडीवर, तर माझं नाव घातलं असतंत.”

ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर कदाचित मी त्यावर विश्वास ठेवला असता. त्यांच्या दोन ग्लासांसाठी मी त्याच्याहून मोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवायला तयार होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“ताई, तुमी गप ऱ्हायल्या तर कुनाला कळायचं न्हाई,” ते हळूच म्हणाले. “ह्ये वाचता फकस्त तुमालाच येतं.”

हेही खरं होतं. जमादाराला वाचता येत नव्हतं, प्रशांतला जेमतेम. पीटर तुरुंगात गेला असता आणि उद्या अकराला मामा ग्लास घेऊन आले असते. सगळं पूर्वीसारखं चाललं असतं.

“चेतनला बोलवा,” मी म्हटलं. “चारच्या आत त्याने स्वतःहून सांगितलं तर बरं. नाहीतर मी सांगेन.”

६

चेतनने सांगितलं. जमादारासमोर, प्रशांतसमोर, उभ्याने. सात मिनिटांचं विचारल्यावर मात्र तो खाली बसला.

“जिती हुती,” तो म्हणाला. “ऊन लागत हुतं म्हनून उचलून सावलीला ठिवली. पानी मागितलं, माज्या बाटलीतलं पाजलं. शेळ्या मोजायला सांगितल्या. मी मोजल्या, सात हुत्या. सात हायत म्हनून सांगाया वळलो तर गेली हुती.”

सावलीत नेलं म्हणून ती रस्त्यावरून दिसेनाशी झाली, आणि म्हणूनच वीस मिनिटांनी तिथून गेलेल्या पीटरने तिला पाहिलं नाही. माझ्या तबकडीवर यातलं काही नव्हतं. तिथे फक्त सात मिनिटांचं कोरं होतं, आणि मी त्या कोऱ्या जागेत माझ्या मनाने एक दगडी काळजाचा माणूस बसवून टाकला होता.

जबाबात मी आणखी एक वाक्य घालायला लावलं. तबकडीवर नाव ड्रायव्हरने घालण्याचा नियम माझ्या संमतीने मोडला गेला. प्रशांत म्हणाला, “मॅडम, याची गरज नाही.” मी म्हटलं, आहे.

चेतनची केस उभी राहिली. मामांना कामावरून काढलं, त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. पुष्पावतीला मुलगी झाली, ते मला कॅन्टीनवाल्याकडून कळलं. नियम पुन्हा लागू झाला. ड्रायव्हर सकाळी स्वतःच्या हाताने नाव घालतात, आणि परत आल्यावर तबकड्या खिडकीतून आत टाकतात. मला बढती नाही, शिक्षा नाही, एक मेमो मिळाला.

कॅन्टीनवाला सवयीने अजून दोन ग्लास पाठवतो. त्याला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. एक मी पिते, दुसऱ्यावर साय धरते.

दीड महिन्याने, एका शनिवारी, पीटरची तबकडी आली. मध्यावर त्याचं स्वतःचं अक्षर, मामा म्हणायचे तसंच, कोंबडीचे पाय. पावणेनऊला काष्टीचा कंगवा होता. आणि दहा वाजून अडतीस मिनिटांनी, गेटपासून नऊ किलोमीटरवर, चार मिनिटांचा थांबा.

सवयीने मी चिठ्ठीचा गठ्ठा पुढे ओढला. ‘क्रशरजवळ चार मिनिटे थांबा, कारण द्या.’ एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. मग रजिस्टर काखेत मारलं, दुसरा ग्लास उचलला आणि टँकर धुण्याच्या जागी गेले. चौदा-पंधरा महिन्यांत चौकशीशिवाय तिथे मी पहिल्यांदा जात होते.

पीटर पायरीवर बसून डबा खात होता. एकटाच. मला पाहून उठायला लागला.

“बसा,” मी म्हटलं. “आज क्रशरपाशी थांबलात.”

“थांबलो.” तो सावध झाला. “गाडी ठीक होती. कारण म्हणाल तर...” त्याने डब्याचं झाकण उगाच फिरवलं. “तिची सून आता शेळ्या तिथं नेत नाही. त्या जागी कुणीच थांबत नाही, मॅडम. म्हणून थांबलो.”

मी रजिस्टर उघडलं आणि कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं, त्याच शब्दांत. मग ग्लास त्याच्यापुढे धरला. चहा गार झाला होता, वर साय आली होती.

त्याने ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबा थोडा सरकवला आणि पायरीवर जागा केली.